टायर बदलायची वेळ: बिलोलीकडच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी

बिलोलीहून बोधनकडे निघाले की येसगीच्या पुलावर मांजरा ओलांडावी लागते. या रस्त्याने ज्याची गाडी रोज जाते त्याला टायरची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. वाळूने भरलेले हायवा ट्रक रस्त्याच्या कडा खचवून ठेवतात. सांडलेली वाळू आणि खडी वळणावर पसरलेली असते. डांबराखालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन वर्षांपूर्वी सपाट असलेला रस्ता वरखाली होऊन बसतो. सुगीनंतर शेताच्या वाटेवर तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या खुंट्या टायरला आडव्या येतात, आणि बाभळीचा काटा तर बारा महिने आहेच.

अशा मुलखात आता इलेक्ट्रिक गाड्या दिसू लागल्या आहेत. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही ८ लाख ४९ हजारांच्या सुरुवातीच्या किमतीत आली आणि तालुक्याच्या गावातला शिक्षक, डॉक्टर, आडत दुकानदारही इलेक्ट्रिक गाडीचा विचार करू लागला. त्या सुरुवातीच्या गाड्यांचे मूळ टायर आता संपत आले आहेत किंवा संपले आहेत. डिझेलचा खर्च वाचला म्हणून खूश असलेल्या मालकाला टायरवाला चार टायरांचा आकडा सांगतो, वर ‘ईव्हीचा टायर वेगळा असतो, महाग असतो’ असेही ऐकवतो. यातले किती खरे आणि किती दुकानदारी, हे कळले तर चार टायरांमागे पाच-सहा हजार रुपये सहज वाचतात. सुरक्षिततेला हात न लावता वाचतात, हे जास्त महत्त्वाचे.

इलेक्ट्रिक गाडीचा टायर लवकर झिजतो, हे मात्र खरे. पहिले कारण वजन. नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या मॉडेलचे रिकाम्या गाडीचे वजन १४०० किलो, तर पेट्रोल नेक्सॉनचे साधारण साडेबाराशेच्या आत. हा फरक बॅटरीचा, आणि तो चोवीस तास टायरवर असतो. दुसरे कारण जोर. त्याच ईव्हीचा टॉर्क २४५ न्यूटन मीटर, पेट्रोल गाडीचा १७०. शिवाय इंजिनाला जोर पकडायला आरपीएम वाढावे लागतात. मोटरचा जोर पाय ठेवताक्षणी चाकावर येतो. सिग्नलवरून किंवा गतिरोधकावरून गाडी जरा जोरात उचलली की पुढचे टायर रस्त्यावर घासतात. तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. पाय काढल्यावर मोटर उलट काम करून बॅटरीत वीज भरते, तेव्हा गाडी थांबवण्याचा ताण मोटर जोडलेल्या चाकांवर येतो. नेक्सॉन, टियागो, एमजी झेडएस, एक्सयूव्ही ४०० या सगळ्यांची मोटर पुढच्या चाकांना जोडलेली. म्हणजे ओढायचे पुढच्यांनी आणि रोखायचेही बरेचसे पुढच्यांनीच. ब्रेकचे पॅड वर्षानुवर्षे टिकतात, त्याची किंमत पुढचे टायर मोजतात.

२०१८ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात गुडइयर कंपनीने आपल्या चाचण्यांचा हवाला देऊन सांगितले होते की नेहमीचे टायर इलेक्ट्रिक गाडीवर सुमारे ३० टक्के लवकर झिजू शकतात. टायर विकणारी कंपनी हे सांगते म्हणून आकडा थोडा सावधपणे घ्यावा, पण दिशा बरोबर आहे. पेट्रोल गाडीवर ४५-५० हजार किलोमीटर जाणारा टायर इलेक्ट्रिकवर ३०-४० हजारांत बदलायला आला तर टायर खराब निघाला असे समजू नये. पाय हलका असला आणि हवा नीट असली तर तोच टायर याहून पुढे जातो.

आता मुख्य प्रश्न. ‘ईव्ही’ असे लिहिलेलाच टायर घ्यावा लागतो का?

नाही. कायद्याने तशी सक्ती नाही आणि बहुतेक गाड्यांच्या बाबतीत तांत्रिक गरजही नाही. अपोलोचा अँपेरियन, सिएटचा एनर्जीड्राइव्ह असे खास इलेक्ट्रिक गाड्यांसाठीचे टायर २०२२ च्या सुमारास भारतीय बाजारात आले. ते चांगले आहेत: कमी आवाज, कमी वीज आणि वजन पेलणारी बांधणी असे तीन गुण त्यांत एकत्र आणलेले असतात. पण हेच गुण साध्या नावाच्या टायरमध्येही सापडतात. ते कुठे शोधायचे, एवढे माहीत असले की पुरे. विदेशी महागड्या ईव्हींच्या टायरमध्ये आवाज शोषणाऱ्या फोमचा थर चिकटवलेला असतो. त्यासाठी बिलोली-नरसी-नांदेड रस्त्यावर पैसे घालण्यात काही अर्थ नाही. तो आवाज टायरचा कमी आणि खड्ड्यांचा जास्त असतो.

मालकाच्या बाजूची आणखी एक गोष्ट म्हणजे माप. नेक्सॉन ईव्हीचे माप २१५/६० आर १६. हेच माप पेट्रोल नेक्सॉनच्या वरच्या मॉडेलांना आणि मारुती ब्रेझालाही लागते. एक्सयूव्ही ४०० चे २०५/६५ आर १६ हे क्रेटाच्या खालच्या मॉडेलांचेही माप. टियागो ईव्ही आणि टिगोर ईव्हीचे १७५/६५ आर १४ तर लाखो छोट्या गाड्यांना चालते. म्हणजे नांदेडच्या किंवा निजामाबादच्या कोणत्याही बऱ्या दुकानात या मापांत पाच-सहा कंपन्यांचे टायर मिळतात, आणि जिथे पर्याय आहेत तिथे भाव खाली येतो. एमजी झेडएसचे २१५/५५ आर १७ थोडे महाग पडते. एमजी कॉमेटचे १४५/७० आर १२ स्वस्त आहे, पण सगळीकडे तयार मिळत नाही. त्या मालकाने टायर गुळगुळीत होण्याची वाट न पाहता आधीच मागवून ठेवावा. सध्याच्या बाजारात १४ इंची टायर साधारण साडेचार ते साडेसहा हजारांत, १६ इंची २१५ चा टायर साडेसात-आठ ते बारा हजारांत येतो. याहून फार खाली कोणी भाव सांगितला तर खुश होण्याआधी टायर हातात घेऊन वाचावा.

टायर खरोखरच वाचता येतो. दुकानात उभे राहून त्याच्या बाजूवरची अक्षरे पाहायला दोन मिनिटे लागतात. समजा ‘२१५/६० आर १६ ९५ एच’ असे लिहिले आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या साठ टक्के. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत दुकानदार स्वतःच विचारतो. त्यानंतरचा आकडा तो सहसा विचारत नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीसाठी तोच मोलाचा आहे. ९५ हा लोड इंडेक्स. त्याचा अर्थ एक टायर पूर्ण हवेवर ६९० किलो पेलतो. ९१ असेल तर ६१५ किलो, ८८ असेल तर ५६०, ८४ असेल तर ५०० आणि ८२ असेल तर ४७५. एकाच मापात दोन कंपन्यांचे टायर वेगवेगळ्या लोडचे असू शकतात आणि स्वस्त टायर कधी कधी त्याचमुळे स्वस्त असतो.

नियम सरळ आहे. गाडीबरोबर आलेल्या टायरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो लोड इंडेक्स आहे, त्याच्या खाली कधीही जाऊ नये. वर गेले तर चालते. गाडीत पाच माणसे आणि डिकीत बियाण्याच्या पिशव्या घेऊन नायगावहून येणारा माणूस कागदावरच्या वजनाच्या हिशोबात बसत नाही, म्हणून थोडा वाव असलेला बरा. काही टायरवर ‘एक्सएल’ किंवा ‘एक्स्ट्रा लोड’ लिहिलेले असते. त्यांची बांधणी जास्त मजबूत असते आणि जास्त हवेवर ते जास्त वजन पेलतात. त्याच मापात पाच-सातशे रुपये जास्त देऊन असा टायर मिळत असेल, तर खड्ड्यांच्या या भागात तो घ्यावा.

शेवटचे अक्षर वेगाचे. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. इथे वरचे अक्षर मिळवण्यासाठी जास्त पैसे मोजायचे कारण नाही. मूळ टायरचे जे अक्षर आहे तेवढे पुरे.

त्याच बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर आकड्यांची एक रांग असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: २३२५ असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात टायर बनला. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर नव्यासारखाच असतो, त्यात काही बिघडत नाही. दीड-दोन वर्षांपुढचा असेल तर सूट मागावी. तीन वर्षांचा असेल तर दुकानदार काहीही म्हणो, नको म्हणावे. तालुक्याच्या ठिकाणी कमी खपणाऱ्या मापांचे टायर रॅकवर पडून राहतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली ४२-४३ अंशांत भाजलेले रबर लवकर कडक होते. म्हणून फोनवर भाव विचारतानाच मॉडेल, लोड इंडेक्स आणि तारीख या तिन्ही गोष्टी विचाराव्यात. जो दुकानदार तारखेचा फोटो पाठवतो त्याच्याकडे जावे.

आयएसआय चिन्हही पाहावे. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर भारतीय मानक ब्युरोचे हे चिन्ह सक्तीचे आहे. त्यासोबत आयएस १५६३३ हा क्रमांक असतो. जून २०२० पासून केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून स्वस्त चिनी टायरांचा पूर ओसरला आहे. तरीही कुठे अनोळखी नावाचा, चिन्ह नसलेला टायर ‘इम्पोर्टेड माल’ म्हणून निम्म्या भावात दिसला तर त्यावर कुटुंबाचा जीव ठेवू नये.

आता विजेचा हिशोब. टायर फिरताना रस्त्याला टेकणारा भाग दबतो आणि पुन्हा सुटतो. प्रत्येक फेरीत थोडी शक्ती रबराच्या उष्णतेत जाते. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. पेट्रोल गाडीत इंजिनच इतकी उष्णता वाया घालवते की टायरने खाल्लेली शक्ती नजरेत भरत नाही. इलेक्ट्रिक गाडीत बाकीचा अपव्यय कमी, म्हणून टायरचा वाटा उठून दिसतो. एक उदाहरण घ्यावे. माणसांसह गाडीचे वजन १६०० किलो. चांगल्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स दर हजार किलो वजनामागे ८ किलो, सुमार टायरचा १०. एवढ्या फरकामुळे दर किलोमीटरला बॅटरीतून साधारण १० वॅट-तास जास्त जातात. दहा हजार किलोमीटरला १०० युनिट. घरच्या विजेचा दर १० रुपये धरला तर हजार रुपये.

पैशांत हा फरक फार नाही, पण रेंजमध्ये जाणवतो. जी गाडी प्रत्यक्षात एका चार्जमध्ये २०० किलोमीटर जाते ती सुमार टायरवर १२-१४ किलोमीटर आधी थांबते. पुण्यात याने काही अडत नाही, तिथे जागोजाग चार्जर आहेत. बिलोलीहून नांदेड सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. सकाळी जाऊन दवाखाना, बाजार, एखादे काम आटोपून संध्याकाळी त्याच चार्जवर घरी यायचे असेल, वरून एसी चालू असेल, तर शेवटचे ते १२ किलोमीटर फार कामाचे असतात.

मग कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर ओळखायचा कसा? मोटार वाहन नियमांत केंद्र सरकारने २०२२ मध्ये एआयएस १४२ हे मानक आणले. त्यात रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा ठरवल्या आहेत. त्यामुळे आजचा कोणताही नामांकित टायर अगदी वाईट नसतो. त्यापुढे फरक करायचा असेल तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, फ्रिज आणि एसीवर असते तसे ताऱ्यांचे लेबल पाहावे. ते सगळ्या टायरांवर दिसत नाही. नसेल तिथे कंपनीच्या माहितीपत्रकात ‘इको’, ‘एनर्जी’, ‘फ्युएल सेव्हर’ अशा नावांच्या मालिका शोधाव्यात. त्या पेट्रोल वाचवण्यासाठी बनवलेल्या असल्या तरी विजेलाही तोच नियम लागू पडतो. भलत्याच खोल आणि ठसठशीत नक्षीचे, ‘ऑल टेरेन’ म्हणवणारे टायर शेतरस्त्यासाठी मोहात पाडतात, पण ते वीजही खातात आणि आवाजही करतात. वर्षातले दहा दिवस शेतात जाण्यासाठी उरलेले साडेतीनशे दिवस तो भार वाहू नये.

स्वस्त आणि मध्यम टायरची तुलना करायची तर बिलाचा आकडा नव्हे, किलोमीटरचा हिशोब मांडावा. समजा एक टायर साडेसात हजारांचा आहे आणि इलेक्ट्रिक गाडीवर ३० हजार किलोमीटर जातो. चारांचे ३० हजार रुपये, म्हणजे किलोमीटरला एक रुपया. दुसरा साडेनऊ हजारांचा, ४० हजार किलोमीटर जाणारा. चारांचे ३८ हजार, किलोमीटरला ९५ पैसे. पहिला वीजही जास्त खाणारा असेल तर त्याला किलोमीटरमागे आणखी १० पैसे जोडावेत. चाळीस हजार किलोमीटरांवर स्वस्त टायर ४४ हजारांना पडतो आणि महाग टायर ३८ हजारांना. याच हिशोबात बारा-तेरा हजारांचा टायर घातला तर तो परवडण्यासाठी ५०-५५ हजार किलोमीटर जायला हवा. त्याआधीच इथल्या रस्त्यावर त्याला कट बसण्याची शक्यता मोठी. या भागातल्या गाडीसाठी ओळखीच्या कंपनीचा, मधल्या किमतीचा, पूर्ण लोडचा टायर हीच खरी खरेदी आहे.

कंपन्यांबाबत एक बाजूची गोष्ट. टायर हा महाराष्ट्राचा, मराठवाड्याचाही उद्योग आहे. गुडइयरचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे, ब्रिजस्टोनचा चाकणला, सिएटचे नाशिक आणि बुटीबोरीला. दुकानदार अमुक ब्रँडचा माल ‘बाहेरून येतो, वेळ लागेल’ म्हणत असेल तर दुसऱ्या दुकानात विचारून पाहावे.

पैसे वाचवण्याचे आणखी दोन मार्ग लोक धरतात. एक जुन्या टायरांचा. हैदराबादच्या बाजारात वापरलेले टायर ढिगाने मिळतात आणि तिथून ते सीमेवरच्या गावांत येतात. त्यांतले काही खरोखर चांगले असतात: नवी गाडी घेतल्या घेतल्या हौशी मालकाने मोठी अलॉय चाके बसवली आणि मूळ टायर काढून विकले, असे. चारही टायर एकाच मॉडेलचे, तारीख वर्षाच्या आतली आणि नक्षीच्या मधले रबराचे बारीक केस शाबूत असतील तर निम्म्या किमतीत तो चांगला सौदा ठरतो. बाकीच्या ढिगातल्या टायरांना मात्र हात लावू नये. झिजलेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा पाडतात आणि वर काळा रंग मारतात. बोट खाचेत घालून तळ चाचपला की तो खरखरीत, असमान लागतो. आतून टॉर्च मारावा. ठिगळ, काळसर घासल्याची गोल पट्टी किंवा तारांचा उंचवटा दिसला तर तो टायर आधी दुरुस्त केलेला किंवा हवा नसताना चालवलेला आहे. रिमोल्ड टायर ट्रकच्या मागच्या चाकांना ठीक असतील, १४०० किलोच्या आणि झटक्यात जोर देणाऱ्या मोटारीला नाहीत.

दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा. चार टायर एकदम न घेता दोनच घ्यावेत. पुढचे दोन संपले आणि मागचे अर्धे शिल्लक असतील तर हे चालते, अट एवढीच की दोन्ही नवे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच आसावर. नवे टायर मागे बसवावेत आणि मागचे अर्धे झिजलेले पुढे आणावेत. बहुतेकांना हे उलटे वाटते, कारण गाडी पुढून ओढते. पण पावसात मागचे टायर घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. पुढचे घसरले तर वेग कमी केल्यावर पकड परत येते. काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येतो तेव्हा याची प्रचीती येते.

टायर नेमका बदलायचा कधी? कायद्याप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो रस्त्यावर चालवता येत नाही. नक्षीच्या खाचांत मधून मधून छोटे उंचवटे असतात, झिजून टायर त्यांच्या बरोबरीला आला की वेळ संपली. नव्या टायरची नक्षी ७-८ मिलिमीटर असते. पण पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच उरली असेल तर जून उजाडण्याआधी बदलून घ्यावे. पाणी बाहेर फेकायला त्याहून कमी खोली पुरत नाही. बाजूला फुगा आला असेल तर नक्षी कितीही असो, तो टायर त्याच दिवशी उतरवावा. फुगा म्हणजे आतले धागे तुटले आहेत आणि हवा आता फक्त वरच्या रबराने धरली आहे.

टायर बसवताना इलेक्ट्रिक गाडीची एक खास काळजी आहे. महामार्गावरच्या कोणत्याही पंक्चरच्या टपरीवर नेहमी दिसणारी पद्धत अशी: पोऱ्या गाडीखाली वाकतो, हाताला लागेल त्या सपाट जागी बाटली जॅक सरकवतो आणि दांडा मारायला लागतो. पेट्रोल गाडीत फार तर पत्रा दबतो. इलेक्ट्रिक गाडीत त्या सपाट जागी बॅटरीचा डबा असतो. त्याला पोचा आला तर दुरुस्तीचा आकडा चार टायरांच्या कित्येक पट होतो. दारांखालच्या उंबऱ्याच्या कडेला कंपनीने खूण केलेल्या जागा असतात, जॅक तिथेच लागला पाहिजे. मालकाने स्वतः खाली वाकून ती जागा दाखवावी, यात लाज कसली. ज्या गाड्यांच्या चाकांत हवेचा दाब दाखवणारे सेन्सर आहेत, तिथे टायर सोडवण्याआधी ‘नळीला सेन्सर आहे’ असे सांगावे, नाहीतर मशीनचा पंजा तो मोडतो. नवा टायर चढला की बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. ते पैसे वाचवू नयेत. चाके जरा तिरकी असली तर इलेक्ट्रिक गाडी नवा टायर एका बाजूने पाच-सहा हजार किलोमीटरांत खाऊन टाकते.

अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते. दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकायला २०२० मध्ये केंद्राने परवानगी दिली. त्या किटमधला द्रव बाभळीच्या काट्याला पुरतो, खुंटीने फाडलेल्या बाजूला नाही. ज्याचे रोजचे येणे-जाणे सगरोळी, कुंडलवाडी अशा आडमार्गांवर आहे त्याने जुन्या चार टायरांतला त्यातल्या त्यात बरा एक टायर वापरलेल्या रिमवर चढवून घरी ठेवावा. दूर अडकले तर घरून कोणीतरी तो मोटारसायकलवर घेऊन येऊ शकतो.

यानंतरची बचत हवेत आहे, आणि ती फुकट आहे. दाब किती हवा ते चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असते. टपरीवाल्याच्या सवयीने सगळ्याच गाड्यांत एकच आकडा भरला जातो, तो इलेक्ट्रिक गाडीला बहुधा कमी पडतो. कमी हवेत कडा झिजतात, टायर तापतो, रेंज घटते. पाच-सातशे रुपयांचे डिजिटल मीटर घरी ठेवावे आणि पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, गाडी चालवण्याआधी दाब पाहावा. दुपारी नरसीपर्यंत जाऊन आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसतात, ते पाहून हवा सोडू नये. गार झाल्यावर टायर कमी हवेवर बसेल.

समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांसाठी हे दुप्पट लागू आहे. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण खुला झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून इलेक्ट्रिक मोटारींना तिथे पथकरात माफी मिळाली. नांदेड-बिलोलीकडची माणसे जालन्यातून त्यावर चढतात. तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास १२० च्या वेगाने जाताना कमी हवेचा किंवा म्हातारा टायर टिकत नाही. या महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाला टायर तपासायची मोहीम काढावी लागली होती. नायट्रोजन भरला तर चांगलेच, पण योग्य दाबाची साधी हवा ही कमी दाबाच्या नायट्रोजनपेक्षा केव्हाही बरी.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्यावेत. इलेक्ट्रिक गाडीत हे चुकवले तर पुढचे दोन मागच्यांच्या निम्म्या आयुष्यात संपतात. गाव सोडताना आणि गतिरोधकांच्या रस्त्यावर इको मोड ठेवावा. त्याने टायर आणि वीज दोन्ही वाचते.

खरेदी कुठे करायची, हा सीमेवरच्या माणसाचा नेहमीचा प्रश्न. बोधन-निजामाबादला स्वस्त मिळते ही समजूत जुनी आहे. जीएसटी आल्यापासून दोन्ही राज्यांत कर सारखाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे कराआधी १० हजारांचा टायर १२ हजार ८०० ऐवजी ११ हजार ८०० ला मिळायला हवा. दुकानात अजून जुन्या छापील किमतीचा साठा असेल तर त्या किमतीवरची ‘सूट’ म्हणजे खरे तर कमी झालेला करच असतो. नव्या किमतीवर सूट मागावी. दिवाळी-पाडव्याच्या आगेमागे तिथे आणि इथे दोन्हीकडे ती मिळते. बसवणे, बॅलन्सिंग, नवी नळी आणि अलाइनमेंट धरून अंतिम आकडा विचारावा, कारण कमी भावाचा दुकानदार तिथे वसूल करतो.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर चारही टायरांचे क्रमांक लिहून घ्यावेत. बहुतेक कंपन्या काही वर्षांची हमी देतात, पण ती बनावटीतल्या दोषाची असते. काही मॉडेलांवर पहिल्या काही महिन्यांत कट किंवा फुगा आला तरी उरलेल्या नक्षीच्या हिशोबाने भरपाई मिळते. वाळूच्या गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्याने अशी हमी कोणत्या मॉडेलवर आहे ते आवर्जून विचारावे आणि दोन-तीनशे रुपये जास्त पडले तरी तेच मॉडेल घ्यावे. हमीची नोंदणी अनेकदा फोनवरून करावी लागते. ती दुकानातून निघण्याआधीच, दुकानदारासमोर करून घ्यावी.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड थोडी कमी असते. तेवढे दिवस जोरात उचलणे आणि करकचून ब्रेक टाळावेत. शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. सुरुवातीचे काही आठवडे रेंज मूळ झिजलेल्या टायरांपेक्षा कमी दिसेल, कारण नव्या टायरची जाड नक्षी जास्त दबते. एक-दोन हजार किलोमीटरांनंतरही ती सुधारली नाही, तर आधी हवा तपासावी आणि मग अलाइनमेंटचा कागद घेऊन दुकानदाराकडे परत जावे.